गुरुवारची बोट

ब्रन्सविक, मेलबर्न
२० एप्रिल १९९८

प्रिय कुंबारा किरियाकी,

ख्रिस्त उठला आहे. काल इथे ईस्टर झाला. अंडी लाल रंगवली, अंगणात कोकरू भाजलं, पण पुरुष मंडळी स्वेटर घालून शेकोटीला बसावं तशी त्या कोकराभोवती बसली होती. इथे एप्रिलमध्ये थंडी सुरू होते. एवढी वर्षं झाली तरी हा उलटा ईस्टर मला काही पचत नाही.

तू फोनवर बोलत नाहीस म्हणून लिहिते. तू म्हणतेस, फोनवर बोललं की सगळ्या आळीला ऐकू जातं. खरं म्हणजे तुला ऐकू येत नाही आणि तू ओरडतेस, म्हणून आळीला ऐकू जातं. असो.

मुद्द्याचं सांगते. पानोर्मितिस येतो आहे. सुनेला, पॉपीला, जाऊन दोन वर्षं झाली. पोरं आपापल्या कामाधंद्याला लागली. संध्याकाळी कामावरून येतो नि दिवा न लावता खुर्चीत बसून राहतो. जूनमध्ये कारखान्यातल्या दोघा मित्रांबरोबर आठ दिवस ऱ्होड्सच्या हॉटेलात राहणार आहे. तिथून सहलीच्या बोटीने आपल्या सिमी बेटावर यायचं, सकाळी निघायचं नि संध्याकाळी परत. मी म्हटलं, "अरे, स्वतःच्या गावात गळ्यात कॅमेरा अडकवून प्रवाशासारखा जाणार? किरियाकी नुनाच्या घरी चार दिवस राहा की." तर म्हणाला, "आई, चार दिवसांचा धीर माझ्यात नाही. एक दिवस पुरे."

सव्वीस वर्षांत तो गावाकडे फिरकला नाही. का, ते तुलाही माहीत आहे नि मलाही. पण आपण दोघींनी ते कधी कागदावर उतरवलं नाही. आज लिहिते. त्याच्या बाप्तिस्म्याला तू त्याची धर्ममाता झालीस, त्या दिवसापासून तो तुला नुना म्हणतो आणि आपण दोघी एकमेकींना कुंबारा. तेव्हा किती आनंद झाला होता मला. मैत्रीण होतीस, रक्ताहून जवळची झालीस. पण त्याच नात्याने तुझी लेक सेवास्ती त्याची बहीण झाली, आणि धर्माच्या भावाबहिणीचं लग्न होत नाही. पुढे ती दोघं एकमेकांत गुंतली. कोवळी पोरं होती. आपण काय केलं? तू तिला घरात बसवलंस, मी त्याला जहाजात बसवलं. दुसरं काही करता आलं नसतं, असं मी रोज स्वतःला समजावते. रोज समजवावं लागतं, यातच काय ते आलं.

सेवास्तीने लग्न केलं नाही. ह्याने केलं. पॉपीला त्याने कधी दुखावलं नाही, आजारपणात तर तिचं सगळं स्वतःच्या हातांनी केलं, पण मनापासून हसताना मी त्याला इथे पाहिलेला नाही. आता त्याचं डोकं पांढरं झालं आहे. किरियाकी, त्यांना भेटू दे. भाऊबहीण म्हणून भेटू दे, एक कॉफी पिऊ दे. त्या दिवशी सेवास्ती गावात असेल एवढं बघ. माझं तुझ्याकडे दुसरं काही मागणं नाही.

तुझी नोमिकी

&nbsp;

सिमी, वरचं गाव
११ मे १९९८

प्रिय कुंबारा नोमिकी,

ख्रिस्त खरोखर उठला आहे. तुझं पत्र पोहोचलं. मी ओरडते म्हणे. तुमच्या मेलबर्नला आवाज पोहोचवायचा तर ओरडायला नको का? मधे केवढा समुद्र आहे.

इथे सगळं ठीक. गुडघे माझं ऐकत नाहीत, मी त्यांचं ऐकत नाही. गेल्या आठवड्यापासून सहलीच्या बोटी सुरू झाल्या. रोज दुपारी बंदर टोप्यांनी भरून जातं. पुढे छत्री उंच धरलेली वाटाडी पोरगी नि मागे हे सगळे, मेंढरांनी चालावं तसे. घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो काढतात, तळलेल्या कोळंबीचा फोटो काढतात, परवा एकाने माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांचा काढला. मी म्हटलं, थांब बाबा, निदान चांगली चादर तरी घालते.

पानोर्मितिस येतो आहे हे वाचून मला रडू आलं. त्याचे पहिले ईस्टरचे बूट मी घेतले होते, आठवतं? डाव्या पायातला त्याने समुद्रात टाकला होता. घर त्याचंच आहे. त्याला सांग, पायऱ्या चढताना घाई करू नको. शहरातली माणसं अर्ध्यावरच बसतात.

सेवास्तीचं म्हणशील, तर तिचं बंदरावर समुद्रातल्या स्पंजांचं दुकान. जूनमध्ये तिला मान वर करायला फुरसत नसते. तरी बघते. दिवस तेवढा नेमका कळव.

आणि नोमिकी, पन्नाशीला आलं म्हणून धर्म बदलत नाही, हेही ध्यानात ठेव. रागावू नको. मी नुना आहे त्याची, त्याचं बरंवाईट मला बघावं लागतं.

तुझी किरियाकी

&nbsp;

ब्रन्सविक, मेलबर्न
२९ मे १९९८

प्रिय किरियाकी,

घाईत चार ओळी. गुरुवार, अठरा जून. बोट आधी मठाच्या खाडीत थांबते, मग दुपारी गावात येते, आणि चार-साडेचारला सुटते. मठातल्या देवदूताला एक नवा झाडू वाहायला सांगितलं आहे त्याला. पॉपीच्या आजारात नवस बोलले होते. ती काही वाचली नाही, पण आपल्या देवदूताशी हुज्जत कोण घालणार? कबूल केलेला झाडू दिला नाही तर तो बोटीचं इंजिन बंद पाडतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो.

तू दिवस विचारलास, तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला. तू मनावर घेतलंस. पानोर्मितिसने नवा सदरा शिवून घेतला आहे, निळा. मला म्हणतो, उन्हासाठी. मी बटणं पक्की करून दिली.

तुझी नोमिकी

&nbsp;

सिमी, वरचं गाव
२० जून १९९८

प्रिय कुंबारा नोमिकी,

तुझा मुलगा येऊन गेला. मी अजून त्याच आनंदात आहे.

दुपारी बोट लागली तेव्हा मी गच्चीच्या कठड्याशीच होते. टोप्यांच्या त्या लोंढ्यात एकच निळा सदरा बिनटोपीचा. लोंढा हॉटेलांकडे वळला आणि निळा सदरा सरळ आपल्या पायऱ्यांकडे आला. चाल अगदी त्याच्या बापाची, खांदा पुढे काढून. अर्ध्यावर आला नि भिंतीला टेकला. मी वरून हाक मारली, "काय रे ऑस्ट्रेलिया, फुगा फुटला वाटतं?" त्याने वर पाहिलं. "नुना, पायऱ्या वाढवल्यात का तुम्ही?" म्हणाला. मी दार उघडायला गेले.

आल्यावर माझा हात हातात घेऊन चुंबला, आणि बराच वेळ सोडलाच नाही. आधी चमचाभर बर्गामोट लिंबाचा मुरंबा नि गार पाणी दिलं, मग द्राक्षाच्या पानांतले भाताचे डोलमे, मग आपली लाल बारीक कोळंबी. सालांसकट खाल्ली, विसरला नाही. इतर गोष्टी मात्र विसरला आहे. पाण्याच्या हौदाला हात लावून विचारतो, "हा इथेच होता का?" मी म्हटलं, "नाही, तू येणार म्हणून सकाळी आणला." तेव्हा हसला. तू म्हणतेस तो हसत नाही. माझ्या घरी हसला.

मग विचारलं त्याने. मला माहीत होतं विचारणार. "सेवास्ती दुकानात दिसली नाही. कडी लावलेली होती."

आता काय सांगू तुला, नेमकी बुधवारी तिची दाढ ठणकायला लागली. इथला दाताचा डॉक्टर सुटीवर. गुरुवारी सकाळच्या पहिल्या बोटीने ऱ्होड्सला जावं लागलं. तसं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सकाळी समोरून एक बोट गेली, नुना. सिमीहून येणारी. आमच्या बोटीवरच्या सगळ्यांनी हात हलवले, प्रवासी हलवतात तसे. मीही हलवला." आणि बशीतलं कोळंबीचं डोकं इकडून तिकडे करत बसला.

मी विषय बदलला. पॉपीचं विचारलं, पोरांचं विचारलं. तीनच्या सुमाराला उठला. म्हणाला, बंदरात एक फेरी मारून येतो, बोट सुटायच्या आधी तुमचा निरोप घ्यायला परत चढतो. वरून बघत होते मी. दुकानापाशी थांबला. मग स्तेर्गोस कॉफीच्या दुकानाबाहेर बसतो ना, त्याने ह्याला हाक मारली, नि दोघं बसले. स्तेर्गोस तुला आठवत असेल, चर्चमध्ये मेणबत्त्या लावायचा, मग जहाजावर गेला. आता पेन्शन खातो नि येणाऱ्याजाणाऱ्याला ब्राझीलच्या गोष्टी सांगतो. पानोर्मितिस इतका वेळ त्याच्यापाशी काय ऐकत होता कोण जाणे. बोटीचा भोंगा झाला तरी बसलेला. शेवटी उठला तो थेट बोटीवर गेला. वर आला नाही. ऊन फार होतं, मी मनाला लावून घेतलं नाही.

संध्याकाळी सेवास्ती परतली. बोटीचा दोर बांधायच्या आधीच धक्क्यावरच्या दहा जणांनी तिला सांगितलं असणार. मी म्हटलं, "पानोर्मितिस आला होता. तुझी आठवण काढली." ती "हं" म्हणाली नि पिशव्या आत घेऊन गेली.

तर असा छान दिवस झाला. देवाने मला तो दाखवला, मी समाधानी आहे. तूही राहा.

तुझी किरियाकी

&nbsp;

ब्रन्सविक, मेलबर्न
२१ जुलै १९९८

प्रिय किरियाकी,

तुझं पत्र आलं त्याला दोन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसायचे नि उठायचे. पानोर्मितिस परत आला तो तोंडात गुळणी धरूनच. मला वाटलं, प्रवासाचा शीण. गेल्या रविवारी मी शेंगा सोलत होते, तो समोर येऊन बसला, एक शेंग उचलली आणि म्हणाला, "आई, मला बाप्तिस्म्याच्या कुंडातून कोणी उचललं?"

मी म्हटलं, "हे काय विचारणं? नुनाने."

"नुना चर्चमध्ये होती?"

किरियाकी, मी शेंगांची टोपली बाजूला ठेवली.

त्याने सांगितलं ते तसंच लिहिते. स्तेर्गोसने त्याला हाक मारली, "कोणाचा रे तू?" ह्याने तुझं-माझं नाव सांगितलं. तर तो म्हातारा खूश होऊन ओरडला, "बस, बस. कॉफी तू पाजायची. तुझा बाप्तिस्मा मी केलाय, गाढवा. कुंडातून काढला नि माझ्या एकुलत्या एका कोटावर तू मुतलास."

हा म्हणाला, "माझी नुना किरियाकी."

"किरियाकी कशी येईल? ती घरी बाळंतीण. चाळीस दिवस झाल्याशिवाय बाईला चर्चची पायरी चढता येते का? आणि तुला तर ताप. तुझा बाप रडकुंडीला आलेला, पाद्रीबुवा म्हणाले, थांबायचं नाही, पोर तसंच गेलं तर कोण जबाबदार? मी मेणबत्त्या लावत होतो. मला म्हणाले, तू धर. मी धरलं. सैतानावर तीनदा थुंकलो, श्रद्धेची प्रार्थना मीच म्हटली, नावही मीच उच्चारलं. मी तुझा नुनोस, तुझा धर्मपिता. इतक्या वर्षांत एक कॉफी पाजली नाहीस."

पानोर्मितिसने विचारलं, "मग सेवास्ती माझी कोण?"

"कोण म्हणजे? शेजारीण," स्तेर्गोस म्हणाला. "मला ना बायको ना पोर. माझ्याकडून तुला कोण बहीण मिळणार?"

एवढं झालं नि भोंगा वाजला. तो वर आला नाही तो उन्हामुळे नाही, किरियाकी. तुला कोणतं तोंड दाखवावं ते त्याला कळेना.

मी रात्रंदिवस आठवते आहे. मी आई, म्हणून रिवाजाप्रमाणे दाराबाहेर उभी होते. पोरं बाळाचं नाव सांगायला धावत आली तेव्हा मला ते कळलं. आत काय झालं ते मी पाहिलं नाही. पण तू आत नाहीस हे मला माहीत होतं. स्तेर्गोसने धरलं हेही माहीत होतं. मी समजले, त्याने तुझ्या वतीने धरलं. तेल तुझं, साबण तुझा, सोन्याचा क्रूस तुझा. दुसऱ्या दिवसापासून सगळा गाव तुला नुना म्हणायला लागला. पुढे पोरांचं ते प्रकरण झालं तेव्हा ते पाद्रीबुवा वारलेले, स्तेर्गोस जहाजावर. पण नव्या पाद्रींना आपण एका शब्दाने विचारू शकलो असतो. का नाही विचारलं? मला वाटलं, विचारलं तर तुला वाईट वाटेल. कुंबाराच्या नात्यावर शंका घेतली असं होईल. तुला काय वाटलं होतं ते तू सांग.

त्याने आणखी एक विचारलं. "सेवास्तीची दाढ खरंच दुखत होती का?" मी हो म्हटलं. आता तेही तू मला सांग.

नोमिकी

&nbsp;

सिमी, वरचं गाव
१४ ऑगस्ट १९९८

नोमिकी,

उद्या मारियेचा सण, घरात उपासाचं जेवण, आणि मी हे लिहिते आहे.

तो स्तेर्गोस काहीही सांगो, कोट त्याचा नव्हता. त्याच्याकडे तेव्हा अंगात घालायला धड सदरा नव्हता. कोट माझ्या नवऱ्याचा होता, मी घरून पाठवला होता, कारण माझ्या वतीने उभ्या राहणाऱ्याने फाटक्या कपड्यांत उभं राहू नये. त्या कोटावर पोर मुतलं ते माझ्याच कोटावर मुतलं. ईस्टरची मेणबत्ती त्याला बारा वर्षं मी दिली. आता एक म्हातारा ब्राझीलहून येऊन म्हणतो, ही नुना नाही. मग मी कोण?

एवढंच लिहून तुला पत्र टाकणार होते. पण नाही टाकलं. पाद्रींकडे गेले. आताचे तरुण आहेत, चष्मेवाले. त्यांना सगळं सांगितलं, नावं न घेता. नावं न घेता म्हणजे काय, त्यांना कळलंच. ते म्हणाले, "ज्याने कुंडातून उचललं आणि प्रार्थना म्हटली, तोच. तेल कोणी आणलं त्याने नातं होत नाही, आजी. तुमच्या मुलीला काही आडकाठी नव्हती." मी विचारलं, "हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तेव्हा मी पाळण्यात होतो."

घरी आले नि भांडी घासली. घासलेलीच होती.

तू विचारलंस मला काय वाटलं होतं. मला काही वाटलंच नव्हतं, नोमिकी. मी नुना होते. सूर्य उगवतो का, असं कोणी पाद्रींना विचारायला जातं का?

आणि दाढ दुखत नव्हती. दुकानात माल भरपूर होता, तरी मी तिला ऱ्होड्सला माल आणायला पाठवलं. तू मोठ्या विश्वासाने दिवस कळवलास आणि मी तो असा वापरला. मला भीती वाटली, ती त्याला बघेल नि इतक्या वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल आणि मला ते बघावं लागेल. माझी चूक झाली. फार मोठी चूक झाली. 

किरियाकी

&nbsp;

ब्रन्सविक, मेलबर्न
८ सप्टेंबर १९९८

प्रिय किरियाकी,

मी तुझ्यावर रागावले होते. आठवडाभर टिकला राग. मग आठवलं, जहाजाच्या तिकिटाला मी माझ्या बांगड्या मोडल्या होत्या. तू दार लावलंस, मी त्याला ढकललं. कोणाचा हात जास्त काळा, हे आता मोजत बसून काय मिळणार?

आता कुंबारा म्हणू की नको, हेही मला कळत नाही. पण आपण त्याआधीही मैत्रिणी होतो, विहिरीवर एकमेकींच्या वेण्या ओढायचो. त्या मैत्रिणीला सांगते, सेवास्तीला सगळं सांग. तिला कळायला हवं की ती काही पाप करत नव्हती. एवढं तरी आपण तिला परत देऊ शकतो.

पानोर्मितिस म्हणतो, तिने एक शब्द कळवला तर तो येईल. सहलीच्या बोटीने नाही, राहायला. मी त्याला म्हटलं, दोघांची अजून वीस-पंचवीस वर्षं उरली आहेत, तीही काही थोडी नाहीत. मी वाट बघते आहे. तो माझ्यापेक्षा जास्त बघतो आहे. पोस्टमनची सायकल वाजली की दारात जातो, पंचेचाळीस ओलांडलेला माणूस.

तुझी नोमिकी

&nbsp;

सिमी, वरचं गाव
१६ नोव्हेंबर १९९८

प्रिय नोमिकी,

दोन महिने मी तोंड उघडलं नाही. आज सांगते, उद्या सांगते. द्राक्षांचा हंगाम गेला, सहलीच्या बोटी बंद झाल्या, बंदर आपलं आपल्याला परत मिळालं. मठातला सण झाला. तिथे देवदूतासमोर उभी राहिले नि म्हटलं, आता बोलले नाही तर तू माझंही इंजिन बंद पाडशील. दुसऱ्या दिवशी बोलले.

सेवास्ती दुकानात आतल्या बाजूला बसली होती. स्पंजांच्या कडा कात्रीने कापून गोल करायचं काम हिवाळ्यात असतं. मी समोर स्टूल घेऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं, बाळंतपण, ताप, स्तेर्गोस, पाद्री, दाढ. तिची कात्री एकदाही थांबली नाही. मला वाटलं, तिला कळलंच नाही. म्हणून पुन्हा म्हटलं, "तू त्याची बहीण नव्हतीस, पोरी. कधीच नव्हतीस."

"मला माहीत आहे, आई," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"स्तेर्गोस जहाजावरून पहिल्यांदा सुटीला आला तेव्हापासून. असाच बढाया मारत होता, मी ह्याला कुंडातून काढलं, त्याला काढलं. पानोर्मितिसच्या लग्नाचा फोटो तू भिंतीवर लावलास ना, त्याच आठवड्यात."

बावीस वर्षं, नोमिकी. बावीस वर्षं ती त्या फोटोखाली बसून माझ्याबरोबर जेवली. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"कोणाशी बोलू? त्याचं लग्न झालेलं. आणि तुला सांगून काय करू? तू वर्षातून दहा वेळा म्हणायचीस, माझा धर्मपुत्र, माझा धर्मपुत्र. दुसरं काय होतं तुझ्याकडे?"

मी रडले. ती उठली, मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा कामाला बसली. मी म्हटलं, "तो आता मोकळा आहे. तो येईन म्हणतो, कायमचा. तू एक शब्द कळवायचा अवकाश. नोमिकी वाट बघते आहे." तुझ्या पत्रातलं पंचवीस वर्षांचंही सांगितलं.

तेव्हा तिने कात्री बाजूला ठेवली. ती काय बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण शेवटी मी विचारलं, "त्याला काय कळवू?" तर म्हणाली, "हेच कळव."

"आई, तुम्ही दोघींनी आम्हाला तोडलं असं तुला वाटतं. तुला एक ठाऊक नाही. तो जहाजावर चढला त्या दिवशी तू मला कोंडलं होतंस, तरी मी मागच्या भिंतीवरून उतरले. कपड्यांचं गाठोडं घेऊन धक्क्यावर गेले. त्याला म्हटलं, पाप तर पाप, मी येते. कुठल्याही नरकात येते. मला तेव्हा स्तेर्गोसचं काही माहीत नव्हतं. मी त्याची खरीखुरी धर्माची बहीण आहे असंच समजत होते नि तरी गेले होते. त्याने इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून, आणि मला म्हणाला, 'बहिणीने असं बोलू नये. घरी जा.'

"मी त्याची बहीण नव्हते, हे मला नंतर कळलं. पण तो माझा भाऊ व्हायला तयार झाला, हे मला त्याच दिवशी कळलं होतं."

मग तिने पुढचा स्पंज घेतला.

नोमिकी, हे पत्र त्याला वाचून दाखवायचं की नाही, ते तुझं तू बघ. मी सांगणार नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं ठरवत आले आणि आपण दोघी स्वतःला दोष देत म्हाताऱ्या झालो. त्यात माझी मुलगी खरोखर कोणाची वाट बघत होती आणि केव्हा थांबली, हे मी तिला एकदाही विचारलं नाही.

तुझी
किरियाकी